काकाजी, बिजली आता पाय देते

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

मोबाईलवरचे लांबलचक मेसेज तुम्ही वाचत नाही, हे ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवील या भरवशावर लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते, कारण नागपुरात वरातीच्या घोड्यांवर घर चालवणारे आम्ही एकटेच नाही, आणि तुम्ही आमच्या अंगणात जे केलं ते त्यांनाही कळावं असं वाटतं.

आमच्या बिजली घोडीचं गणित आम्हाला कधी सुटलंच नव्हतं. लग्नसराईत तिच्या कानाशी ढोल-ताशे वाजतात, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी चालतात, जनरेटरची गाडी मागून घरघरत येते, नवरदेवाचे मित्र रस्त्यातच फटाक्यांची लड लावतात. घोडी ढिम्म. आणि हीच घोडी नालबंदाची, म्हणजे खुरांना नाल ठोकणाऱ्याची, पेटी अंगणात टेकली की घामाने निथळायची. डोळ्यांचं पांढरं दिसायचं, नाकपुड्या फुलायच्या, आणि मागच्या पायाला हात लागला रे लागला की दुगाणी. तुमच्या आधी येणाऱ्या एका नालबंदाने तिचा कान पिळून धरला होता आणि पाय दोरीने वर बांधून नाल ठोकले होते. त्या दिवशी काम उरकलं, पण पुढे लगाम चढवायला गेलं तरी तिची मान छताला लागायची. नाल तर दूरच.

तुम्ही फौजेतले. रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे फौजेची जनावरं सांभाळणाऱ्या दलात, नोकरी, मेरठला शिक्षण, डोंगरात खेचरांचे पाय सांभाळलेले. मला वाटलं, आता हुकूम सुटणार. तुम्ही पेटी फाटकाबाहेर ठेवली, ‘पेटीले भेते ना थे, मंग राहू द्या तिले भायेर’ म्हणालात आणि चहा मागवलात. कप हातात घेऊनच तिच्या खांद्यापाशी गेलात. समोरून नाही, मागून नाही. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं घोड्याला दिसत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मान संपून पाठीचा उंचवटा सुरू होतो तिथे तुम्ही बोटांनी खाजवत उभे राहिलात. माझे सासरे तिला नेहमी थापा मारून शाबासकी द्यायचे. तुम्ही म्हणालात, थापा माणसाला आवडतात, घोडे एकमेकांना तिथे दातांनी खाजवतात. जनावरांच्या डॉक्टर मॅडमना नंतर विचारलं तर त्यांनीही दुजोरा दिला: त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. थोड्या वेळाने बिजलीचा खालचा ओठ लोंबायला लागला. त्या दिवशी तुम्ही एवढंच केलंत आणि घरी गेलात. सासरे माझ्याकडे बघायला लागले, याचे पैसे द्यायचे का म्हणून! (तुम्ही मागितले आणि चोख मोजून घेतलेत, हे मला फार आवडलं. फुकट केलेलं काम आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही.)

पाय उचलण्याची तुमची रीत मी आता रोज पाळते. खांद्यावर हात, तिथून खाली सरकत गुडघा, नळी, टाचेच्या वर हलकी चिमट. ओढायचं नाही. तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की खूर आपसूक हातात येतो. आणि ती हिसका देण्याच्या आत, आपणच, पाय जमिनीवर अलगद टेकवायचा. आधी श्वासभर, मग थोडं जास्त. तुमचं वाक्य आमच्या पोरांच्या तोंडी बसलंय: ‘पाय म्हंजे उसनी वाटी हाय पोरी. मांगायच्या आंधी वापस द्या लागते.’ हिसका दिल्यावर पाय सोडला तर हिसका दिला की सुटका होते एवढंच ती शिकते, हे तुम्ही समजावलंत तेव्हा आधीचा सगळा तमाशा उलगडला.

तुम्ही आणखी एक गोष्ट पकडलीत जी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. तिचा मागचा उजवा पाय उंच आणि बाहेर ओढला की ती जास्त बिथरायची. भीती नव्हे, सांधा दुखत होता. तेव्हापासून तो पाय पोटाखाली, जमिनीपासून थोडाच वर धरायचा आणि कंबर आपली वाकवायची. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी हे काम येणारच. दर वेळी कुस्ती खेळून कसं भागेल?

दावं धरणाऱ्याने कुठे उभं राहायचं हेही तुम्हीच बसवलंत. नालबंद ज्या बाजूला, धरणाराही त्याच बाजूला, म्हणजे घोडी बुजली तर तोंड आपल्याकडे वळवता येतं आणि तिचा मागचा भाग माणसापासून दूर जातो. दोर हाताला गुंडाळायचा नाही. माझा भाचा आधी पलीकडे उभा राहून ‘हो हो हो’ ओरडत होता. त्याला तुम्ही गप्प केलंत, त्याचे वेगळे आभार.

खूर घासायच्या कानशीच्या आवाजाला ती बुजायची, त्यावरचा तुमचा उपाय तर अस्सल नागपुरी. पागेतला कूलर मे महिन्यात दिवसभर खडखडतो, त्याची तिला सवय. तुम्ही कूलर चालू ठेवून, ती कडबा खात असताना, लांब ओट्यावर बसून जुन्या नालावर कानस फिरवत राहिलात. रोज थोडं जवळ. शेवटी कूलर बंद करून कानस फिरवली तेव्हा तिने फक्त एक कान वळवला. वेळ सकाळी साडेसहाची, ऊन चढायच्या आत. माश्या कमी, जमीन कोरडी, आणि शेजारी आमची म्हातारी घोडी बांधलेली, कारण एकटी असली की बिजली अर्धी आधीच घाबरलेली असते.

दातांच्या बाबतीत तुमचे आभार निराळ्या कारणासाठी. ती मान तिरपी करून चावत होती, अर्धवट चावलेल्या कडब्याचे ओले गोळे गव्हाणीत टाकत होती. तुम्ही एकदा बघितलंत आणि म्हणालात, हे माझं काम नाही, डॉक्टरला बोलवा, गुंगीची सुई दिल्याशिवाय दात घासायला तोंडात कानस घालू देऊ नका. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस असं सहज म्हणतो, हे मला मोठं वाटलं. घोड्याचे दात वर्षाला 2-3 मिलिमीटर वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते. बिजलीचा गाल आतून कापला गेला होता. अशा तोंडात लगाम घेऊन ती वराती करत होती.

डॉक्टर येण्याआधी तुम्ही मला एक मोठी सिरिंज, सुई काढलेली, आणून दिलीत. सिरिंजला गुळाचं पाणी लावून बिजलीच्या ओठाच्या कोपऱ्यात धरायची, मग तोंडात थोडं पाणी सोडायचं. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या मॅडमनी तोंड धुवायला तीच सिरिंज वापरली तेव्हा बिजली चाटत उभी होती. गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. मान खाली जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, आणि गुंगीतला घोडाही दचकला तर लाथ मारतो, म्हणून मागे कोणी जायचं नाही. मग जबडा उघडा ठेवायची लोखंडी चौकट, लांब दांड्याची कानस, आणि हाडासारखा पांढरा भुगा. पुरती शुद्धीवर येईपर्यंत चारा नाही, नाहीतर घास अन्ननलिकेत अडकतो. सासूबाई कडबा घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना तुम्ही दारातच थोपवलंत.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. गूळ. तुम्ही आल्यागेल्याला खिशातून खडा काढता, तिच्याही तोंडात एक जातो. मॅडम म्हणतात, जास्त गोडाने खुरांना सूज येऊ शकते, आणि खुरांसाठीच तर एवढं सगळं केलं. तेव्हा यापुढे तुमचा खिसा फाटकापाशी तपासला जाईल.

पावसाळा सुरू झालाय. काळ्या मातीचा चिखल खुरांत बसून कुजतो म्हणून रोज संध्याकाळी चारही खूर साफ करते आहे. तीन पाय ती विचारायच्या आधी देते. मागचा उजवा अजून विचार करून देते. पोळा झाला की नाल बदलायचे आहेत. भाचा तुमच्या हाताखाली शिकायला तयार आहे, त्याच्या तोंडाला आता आवर बसलाय. दिवस तुम्ही सांगा, सकाळचा चहा आणि पैसे दोन्ही तयार ठेवते.

तुमची,
बिजलीच्या घरची सून
महाल, नागपूर