जामिनाचे कलमही वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हाँगकाँगमधील ‘अ‍ॅपल डेली’ या वृत्तपत्राचे संस्थापक जिमी लाय यांना १५ डिसेंबर २०२५ रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. त्यानंतर आपल्याकडे झालेली चर्चा प्रामुख्याने जन्मठेपेची तरतूद आणि चीनची दडपशाही यांभोवतीच फिरली. हे मुद्दे रास्त आहेत. मात्र फौजदारी न्यायालयात लिपिक म्हणून उभी हयात काढल्यामुळे माझे लक्ष प्रथम जामिनाच्या कलमाकडे जाते, आणि माझ्या मते त्या शहराचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने तेथेच गेले. लाय डिसेंबर २०२० पासून तुरुंगात होते. या काळात त्यांना अन्य खटल्यांत शिक्षाही झाल्या, त्यामुळे त्यांचे उदाहरण थोडे गुंतागुंतीचे आहे. पण याच कायद्याखाली ४७ जणांवर चाललेल्या खटल्यात ही गोष्ट स्वच्छ दिसते.

हा कायदा ३० जून २०२० रोजी रात्री अकरा वाजता लागू झाला आणि हाँगकाँगच्या जनतेला त्याचा मजकूर तेव्हाच प्रथम वाचायला मिळाला. त्याच्या कलम ४२ नुसार, आरोपी यापुढे राष्ट्रीय सुरक्षेला बाधा आणणारी कृत्ये करत राहणार नाही असे मानण्यास पुरेसा आधार असल्याखेरीज न्यायाधीशाने त्याला जामीन द्यायचाच नाही. एरवी जामिनाला हरकत असेल तर कारण सरकारी पक्षाने दाखवायचे असते. येथे आरंभच नकारापासून होतो. तेथील सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये लाय यांच्याच प्रकरणात हा अर्थ कायम केला.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ फेब्रुवारीला, या ४७ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत माजी लोकप्रतिनिधी होते, प्राध्यापक होते, कामगार नेते होते. जुलै २०२० मध्ये त्यांनी विरोधी पक्षांचे उमेदवार ठरवण्यासाठी अनौपचारिक मतदान घेतले आणि त्यात सहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. विधिमंडळात बहुमत मिळवून अर्थसंकल्प नामंजूर करायचा आणि सरकारला मागण्या मान्य करायला लावायच्या, असा त्यांचा बेत होता. अर्थसंकल्प नामंजूर झाल्यास काय करायचे, याची तरतूद हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यातच, म्हणजे तेथील राज्यघटनेसारख्या कायद्यातच, आहे. तरीही न्यायालयाने हा सत्ता उलथवण्याचा कट ठरवला. त्यांच्या जामीन अर्जांची सुनावणी वेस्ट कौलून न्यायालयात चार दिवस चालली. पहिल्या दिवशीचे कामकाज मध्यरात्र उलटून गेली तरी संपले नव्हते. एक आरोपी कोसळली, काहींना रुग्णालयात न्यावे लागले आणि कित्येकांना अंघोळ करायला किंवा कपडे बदलायलाही सवड मिळाली नाही. तीसहून अधिक जण पुढे खटला संपेपर्यंत कच्चे कैदी म्हणूनच राहिले.

शिक्षा १९ नोव्हेंबर २०२४ रोजी सुनावण्यात आली. ती चार ते दहा वर्षांची होती. ज्यांना चार वर्षे दोन महिने मिळाले, त्यांतले चौघे २९ एप्रिल २०२५ रोजी सुटले, म्हणजे शिक्षेचा आकडा कानी पडण्याआधीच त्यांनी तिच्यातील जवळजवळ पावणेचार वर्षे भोगून संपवली होती.

२०१९ च्या आंदोलनात पेट्रोल बाँब फेकले गेले, विधिमंडळाच्या इमारतीत घुसून मोडतोड झाली, हे खरे आहे आणि त्याबद्दल कारवाई व्हायलाच हवी होती. पण या ४७ जणांचा खटला मतपेटीचा होता. कायदा मूठभर लोकांसाठीच आहे, असे तेथील सरकार सांगत असते. मात्र २०१९ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ७१ टक्के मतदान झाले होते, ते उमेदवारांच्या छाननीच्या नव्या नियमांखाली डिसेंबर २०२३ मध्ये २७.५ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे न्यायालये स्वतंत्र आहेत आणि निवडणुका खुल्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडची परिस्थिती सारखी आहे असे मी म्हणत नाही. परंतु मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर लगेच यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, घातलेले कलम ४३ड(५) कलम ४२ च्या शेजारी ठेवून जरूर वाचावे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे ते सांगते. एल्गार परिषद प्रकरणात याच कायद्याखाली अटक झालेले फादर स्टॅन स्वामी वयाच्या ८४ व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच कोठडीत असताना मुंबईत वारले. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकातील गुन्हेही अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे, तो न्यायालयाच्या अधिकारात असतो. पण माझ्या वाचनात तरी त्या विधेयकावरचा सारा वाद ‘शहरी नक्षल’ कोण, यावरच झाला.

म्हणून आपणांस विनंती आहे की, अशा कायद्यांखालील अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, तशीच त्या आरोपीचे दोषारोपपत्र कधी दाखल झाले, जामीन अर्ज किती वेळा पुढे ढकलला गेला आणि अखेर त्याचे काय झाले, याची माहितीही ठरावीक काळाने छापावी. न्यायालयाच्या नोंदींत या सर्व तारखा असतात आणि बातमीदाराला त्या मिळवणे अवघड नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा