मॉरिशसला गेलेल्या पूर्वजांचा माग तेरेखोलच्या दोन्ही काठांवर घ्यावा

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गोव्यातून परदेशी गेलेल्या माणसांचा विषय निघाला की मोझांबिक, लिस्बन आणि पूर्व आफ्रिकेच्या पलीकडे चर्चा सहसा जात नाही. पेडण्यासारख्या भागातील ज्या घराण्यांत ‘मुंबईस गेला तो परतला नाही’ एवढीच एखाद्या पुरुषाची आठवण उरली आहे, त्यांनी मॉरिशसच्या नोंदीही अवश्य पाहाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मॉरिशस बेट इंग्रजांनी 1810 मध्ये फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तेथील गुलामगिरी 1835 मध्ये कायद्याने बंद झाली आणि त्याच सुमारास उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ या जहाजातून 36 जण पोर्ट लुई बंदरात उतरले, तेव्हापासून 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली. यांतील बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेली. मुंबईहून गेलेल्यांत मात्र रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतील मराठी माणसे पुष्कळ होती.

आमच्या खापरपणजोबांचे धाकटे बंधू याच वाटेने गेले. पोर्तुगीज अमदानीतील कागदांत त्यांचा पत्ता लागणे शक्यच नव्हते, कारण मुंबईच्या बंदरात शिडाच्या जहाजावर चढताना त्यांची गणना इंग्रज हद्दीतील मजुरांत झाली होती. मॉरिशसमधील त्यांच्या वंशजांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आप्रवासी नोंदवहीतील उतारा आम्हांला पाठवला आणि धागा जुळला. त्या एका ओळीत केवढे सामावले आहे! अनुक्रमांक, जहाजाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, आणि ओळख पटावी म्हणून ‘उजव्या भुवईवर व्रण’. घरात ज्यांचे चित्र नाही की पत्र नाही, त्यांच्या चेहऱ्याची एवढी एक खूण दीडशेहून अधिक वर्षांनी आमच्यापर्यंत पोहोचली. जिल्हा म्हणून सावंतवाडी लिहिली आहे, गाव मात्र आमचेच, पेडणे तालुक्यातले.

याचा उलगडा इतिहासात आहे. पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तोवर तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. राज्य बदलले तरी सोयरिकी, देवस्थानांचे मानपान आणि बाजारहाट सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर चालूच राहिला. मुंबईच्या कारकुनाने विचारले असता माणूस ‘वाडीकडचा’ असे सांगणार, हे अगदी स्वाभाविक होते. म्हणून नोंदीत सावंतवाडी दिसली की गोव्यातील घराण्यांनी ती आपली नव्हे असे समजू नये, आणि मॉरिशसहून शोध घेत येणाऱ्यांनीही केवळ सिंधुदुर्गातील गावे पालथी घालून परत जाऊ नये.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले आणि पुढे बापाचे किंवा आजाचे पहिले नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले. तेव्हा आडनावावरून शोधण्यापेक्षा बापाचे नाव, गाव आणि कुलदैवत यांचा मेळ घालणे अधिक खात्रीचे ठरते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा येथे फार उपयोग होतो. यात्रेला गेलेल्या माणसाने सांगितलेली बापाची, भावांची, मुलांची नावे उपाध्याय वहीत उतरवून घेत. आमच्या घराण्याच्या पानावर तीन भावांची नावे आहेत आणि त्यांतील धाकट्याचे नाव मॉरिशसच्या उताऱ्याशी तंतोतंत जुळते. वारसा-वाटणीच्या जुन्या प्रकरणांतही गैरहजर वारसाचे नाव सापडण्याचा संभव असतो.

आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या करतो. पणजीच्या पुराभिलेख खात्याने आणि पेडणे, डिचोली, सत्तरी येथील देवस्थान समित्यांनी गावकरीच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) व देवस्थानांच्या मोडी हिशेबवह्यांची छायाचित्रे काढून त्यांतील व्यक्तिनामांची देवनागरी सूची करावी. मोडी वाचू शकणारी पिढी डोळ्यांदेखत कमी होत असताना हे काम पुढे ढकलणे परवडणारे नाही. दुसरी विनंती वाचकांना. चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची, वाळवी लागलेली कागदांची बोचकी बाहेर येतात आणि ‘कोणाला वाचता येते’ म्हणून जाळली जातात. कृपया ती जाळू नयेत. निदान प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे आजही गणेशचतुर्थी साजरी करतात, झाकरी नाचतात, आणि त्यांतील कित्येकांना आपले मूळ गाव कोणते हे अजून ठाऊक नाही. ज्यांच्या घरी परदेशी गेलेल्या पूर्वजाविषयी एखादा कागद किंवा सांगोवांगीची माहिती असेल, त्यांनी ती या स्तंभातून अवश्य कळवावी.

आपला नम्र,
एक वाचक, पेडणे