सागरी नियोजनात तापीकाठ कुठे?

महोदय,

वाढवण बंदराच्या बातम्या खान्देशात आवडीने वाचल्या जातात आणि त्यात गैर काही नाही. रावेर-सावद्याची केळी कंटेनरमधून परदेशी जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे-शिरपूरकडून जाणार आहे. बंदर आणि रेल्वे जुळले तर आमच्या मालाला बरे दिवस येतील. मलाही ते हवेच आहे. पण बंदरासाठी भराव पडणार तो कुणाच्या मासेमारीच्या पाण्यात, डहाणूकडच्या कोळ्यांचे पुढे काय, असे कुणी विचारले की आमच्याकडचे उत्तर ठरलेले : ‘‘आपले काय करनं शे?’’

आहे, पुष्कळ आहे. समुद्र आणि किनारा कुणी कसा वापरायचा याची आखणी, म्हणजे सागरी नियोजन, तापीकाठाला वगळून होऊ शकत नाही. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात आहे. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या सगळ्यांचे पाणी शेवटी तिकडेच जाते, आणि त्यासोबत आमच्या शहरांचे सांडपाणी व शेतातून धुऊन गेलेली खतेही. उलट जे जायला हवे ते इथेच राहते. वाळू आम्ही रात्रीतून ट्रॅक्टरने उचलतो, गाळ धरणांत बसतो. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण मध्ये आहे, तिथे बरेच काही अडते, हे मान्य. म्हणून वरच्यांची जबाबदारी संपत नाही.

किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) २०१९ ची अधिसूचना वाचली तर एक गंमत दिसते. खाडी व नदीमुखात हे क्षेत्र आत कुठवर धरायचे, ते पाण्याच्या खारेपणावर ठरते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात क्षारता हजारात पाच भाग असेल तिथवर कायद्याचा किनारा. आता कोरड्या काळात नदीमुखाशी गोडे पाणी किती पोहोचणार, हे तर वरची धरणे आणि उपसा ठरवतात! म्हणजे कायद्याची रेषा ज्या पाण्यावर हलते, त्या पाण्याचा हिशेब ठेवणारे खाते किनारा नियोजनाच्या बैठकीला नसते. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. विसर्गाच्या नोंदी कशा ठेवल्या जातात आणि त्या कपाटाबाहेर किती पडतात, हे मला ठाऊक आहे.

सुरतकरांना हे नाते महागात कळले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि शहराचा बराच भाग पाण्यात गेला. समुद्राला भरती असली की नदीचे पाणी तुंबते, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत. त्यानंतर तिथली महापालिका, पाटबंधारे खाते, केंद्रीय जल आयोग आणि अभियांत्रिकी संस्था यांनी मिळून पूर्वसूचनेची व्यवस्था बसवली. तापीवरच्या आमच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, ही आमच्याकडे पावसाळ्यातली रोजची बातमी असते. सुरतेत तो जीवाचा प्रश्न असतो. पुरापुरते हे सहकार्य जमते, मग बाकीच्या दहा महिन्यांत का जमू नये?

आता सरकारच्या कुवतीबद्दल. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राच्या. लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाकडे, कांदळवने वन विभागाकडे, सीआरझेडच्या परवानग्या राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असावी आणि तीत पारंपरिक किनारी समाजाचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे नियमात आहे. कागद उत्तम आहे. माणसे मात्र ‘अतिरिक्त पदभार’वाली. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा, एक फोल्डर आणि चहा-बिस्किटे. त्यातून कुणी खरेच शिकला, भरती-ओहोटी आणि मासेमारीचे हंगाम त्याला कळू लागले, की बदली कायद्याप्रमाणे त्याची तीन वर्षे भरतात आणि तो गडचिरोलीला जातो. मग नकाशे सल्लागार कंपनी काढते आणि कोळीवाडा नकाशात कुठेच नाही, अशी तक्रार गावकऱ्यांना करावी लागते.

यावर उपाय सापडत नाही असे नाही. २०१२ मध्ये राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. कायमचे कर्मचारी, एकच विषय, त्यामुळे कामाला धनी मिळाला. पुदुच्चेरीत २०१९ च्या भारत-नॉर्वे करारातून सागरी अवकाश नियोजन झाले : कुठे मासेमारी, कुठे पर्यटन, कुठे काहीच नको, याची आखणी. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने ते नॉर्वेच्या पर्यावरण यंत्रणेबरोबर केले आणि २०२३ मध्ये आराखडा मांडला. परदेशी भागीदाराचे मला वावडे नाही. पण करार संपल्यावर ती विद्या कुणाच्या टेबलावर राहणार, हे महाराष्ट्राने आधीच ठरवून घ्यावे. पुदुच्चेरीचा किनारा इवलासा, आपला वर्षानुवर्षे ७२० किलोमीटर सांगितला गेलेला आणि नव्या मोजणीत सुमारे ८७८ किलोमीटर भरलेला. इथे दोन-चार अधिकाऱ्यांनी भागणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक किनारी जिल्ह्यात सागरी नियोजनाची कायम पदे असावीत आणि त्यांना तीन वर्षांच्या बदलीतून वगळावे. जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाने विसर्ग आणि पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदी दर महिन्याला खुल्या कराव्यात. तापीमुख गुजरातेत असल्याने दोन्ही राज्यांची एक समिती लागेल. तीत उकाईच्या फुगवट्यात जाळी टाकणाऱ्या नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी मच्छीमारांना जागा हवी. त्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या आहेत.

आमच्या तीन जिल्ह्यांतले आमदार केळीच्या विम्यावर सभागृहात बोलतात, बोलायलाच हवे. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने तरी या समितीबद्दल तारांकित प्रश्न टाकावा. उत्तर आले की ते आपल्या दैनिकाने जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
शिरपूर, जि. धुळे