स्किमर बदलण्याआधी नळजोडणी पाहा

संपादक महोदय,

'प्रोटीन स्किमर नीट काम करत नाही' ही घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीबाबतची नेहमीची तक्रार. त्यावर दुकानात मोठा स्किमर सुचवला जातो, पदरचे हजारो रुपये जातात आणि महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. अशा टाक्यांची जोडणी करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत, कारण दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतोच. तो पाण्याच्या पातळीत आणि पाइपांत असतो, आणि तिथे तो फार कमी खर्चात काढता येतो.

स्किमरमध्ये सुयांच्या चकतीचा पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळतो. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य यांतून पाण्यात उतरलेले सेंद्रिय पदार्थ बारीक बुडबुड्यांना चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि यंत्राच्या माथ्यावरच्या कपात साचतात; कुजून त्यांचे अमोनिया-नायट्रेट व्हायच्या आत ते पाण्याबाहेर पडतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र चालत नाही. फेस कपाच्या गळ्यात कुठवर चढतो हे स्किमरच्या आतल्या पाण्याच्या उंचीवर ठरते आणि ती उंची बाहेरच्या पाण्यावर. सारा खेळ दोन-तीन सेंटीमीटरचा आहे.

टाकीखालच्या कपाटातल्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीतले पाणी ओसंडून जिथे उतरते त्या कप्पे पाडलेल्या खालच्या टाकीत, स्किमर कुठे ठेवायचा, इथेच पहिली चूक होते. जागा मोकळी दिसते म्हणून तो रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात उभा करतात. टाकीतले बाष्पीभवन नेमके याच कप्प्यात दिसते. कप्पा 25 × 38 सेंमीचा असेल तर एक लिटर पाणी उडाले की पातळी सुमारे एक सेंमी उतरते. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला तीन लिटर गेले की तीन सेंमी गेले. सकाळी भरभरून येणारा फेस रात्री गळ्यापर्यंतही पोचत नाही. स्किमर काचेच्या पडदीने पातळी बांधलेल्या कप्प्यातच हवा. बहुतेक घरगुती स्किमरना 18 ते 23 सेंमी पाणी लागते. नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात असतो. पडदी 25 सेंमीची आणि स्किमरला 20 हवे असेल, तर खाली पाच सेंमीचे मचाण करावे. पीव्हीसी पाइपाचे सारख्या उंचीचे चार तुकडे आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकची पट्टी पुरते. फरशीचे तुकडे किंवा विटा नकोत.

आता पाइप. आयात केलेल्या स्किमरची आणि टँक निपलची (काचेच्या भोकात नटाने बसवायच्या जोडाची) मापे बहुधा मेट्रिक असतात: 20, 25, 32 मिमी, आणि हा पाइपाचा बाहेरचा व्यास. आपल्याकडे घरगुती नळकामाचा पांढरा यूपीव्हीसी पाइप इंचात मिळतो. एक इंची म्हणून घेतलेल्या पाइपाचा बाहेरचा व्यास 33.4 मिमी असतो, पाऊण इंचीचा 26.7 आणि अर्ध्या इंचीचा 21.3. म्हणजे 32 मिमीच्या सॉकेटमध्ये एक इंची पाइप जातच नाही, आणि एक इंची सॉकेटमध्ये 32 चा पाइप टाकला तर 1.4 मिमीची फट उरते. प्लंबर ती फट पाइप जोडायचे सोल्युशन थापून बुजवतो. सोल्युशन हा गोंद नव्हे, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. फट भरण्याची ताकद त्यात नाही. असा सांधा आठवडाभर टिकतो आणि मग झिरपू लागतो. शेतीच्या करड्या पाइपाच्या दुकानात मेट्रिक मापाचे फिटिंग सहज मिळते. खरेदीला जाताना स्किमरचा सुटा भाग आणि व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यावा.

सांध्याची पद्धत अशी. पाइप काटकोनात कापा, कडेचा चुरा पॉलिश पेपरने काढा, कोरडे पुसा, दोन्ही बाजूंना पातळ सोल्युशन लावा, पाव वळसा देत तळापर्यंत घुसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. चोवीस तास थांबून साध्या पाण्याने धुवा, मगच खारे पाणी सोडा. ओल्या सोल्युशनचा अंश पाण्यात गेला तर स्किमर वेड्यासारखा फेसाळतो आणि कप तासाभरात भरून वाहतो. काच चिकटवायचा ताजा सिलिकॉन, काही औषधे, साबण लागलेले हात यांनीही हेच होते. स्किमर अगदी नवा असेल तर पहिले आठवडा-दोन आठवडे तो कमी-जास्त वागणारच. तेवढ्यात रोज सेटिंग फिरवत बसू नये.

एका गोष्टीबद्दल तळमळीने सांगावेसे वाटते. पितळ वापरू नका. घरच्या नळकामात पितळी थ्रेड (आटे) बसवलेले एल्बो, एमटीए (बाहेरून आट्यांचा जोड), एफटीए (आतून आट्यांचा जोड) सर्रास असतात. प्लंबर ते 'मजबूत' म्हणून आग्रहाने देतो, आणि बाथरूमसाठी ते खरेही आहे. खाऱ्या पाण्यात पितळातले तांबे सुटते, आणि तांब्याची थोडी मात्राही झिंगे, गोगलगायी, प्रवाळ यांना मारते. मासे तगून राहतात, म्हणून कारण लवकर ध्यानात येत नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) गंजते, नळी आवळायच्या जुबिली क्लिपचे स्टीलही गंजते. सगळे थ्रेड प्लास्टिकचे, क्लिपा नायलॉनच्या. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे, आणि घट्ट करायला हातानंतर पाव फेरा बस. टँक निपलची रबरी चकती फ्लँजच्या (रुंद कडेच्या) बाजूला, पाण्याकडे बसते, नटाच्या बाजूला नव्हे. पान्याने आवळले की काच तडकते.

सम्पबाहेर ठेवायच्या स्किमरची जोडणी जास्त नाजूक. त्यातून परतणारे पाणी केवळ उताराने येते, म्हणून परतीचा पाइप स्किमरच्या तोंडाइतकाच रुंद हवा. रिड्यूसर लावून तो बारीक केला की आतली पातळी चढते आणि कप ओसंडतो. सर्वांत उंच जागी वर उघडा टी ठेवा, म्हणजे पाइपात सायफन धरत नाही. शेवट सम्पच्या पाण्यात सेंमी-दोन सेंमीच बुडावा. पातळी ठरवायला परतीच्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो, त्याने बारीक फरक साधत नाही. व्हॉल्व्ह दाबला की आतले पाणी चढून फेस ओला होतो, उघडला की फेस कोरडा होतो. स्किमरच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) हवेतच, नाहीतर साफसफाईसाठी पाइप कापावा लागतो. हवेच्या नळीचे टोक स्किमरमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बांधा, नाहीतर पंप बंद पडल्यावर त्यातूनच पाणी जमिनीवर येते.

वीज जाणे हे आपल्याकडचे खरे संकट. 120 × 50 सेंमीच्या टाकीत पाणी ओसंडण्याच्या कडेपर्यंत चार सेंमी उतरले, तर 24 लिटर खाली येते. 75 × 38 सेंमीच्या सम्पमध्ये त्याने पातळी सुमारे साडेआठ सेंमी वाढते. पाइपातले आणि स्किमरमधले पाणी धरून बारा सेंमी जागा मोकळी ठेवावी. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली चार-पाच मिमीचे छिद्र पाडले की सायफन तुटतो. ते शेवाळाने बुजते, म्हणून दर आठवड्याला पाहावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त नको, एक बारीक गोगलगाय अडकली तरी तो उघडा राहतो. वीज परत येते तेव्हा सम्प तुडुंब असतो, आणि त्याच क्षणी स्किमर सुरू झाला तर कपातली सारी घाण पाण्यात परतते. रिटर्न पंप आधी, स्किमर दहा मिनिटांनी, एवढ्यासाठी डिले टायमर लावा. कपाची नळी बंद डब्यात सोडली असेल तर डब्याला हवेचे छिद्र आणि फ्लोट स्विच द्या, डबा भरला की स्किमर बंद पडेल. सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या. वीज नसताना मासे गुदमरतात ते ऑक्सिजनअभावी, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

देखभाल थोडी आहे. कपाचा गळा दर दोन-तीन दिवसांनी पुसा, तिथला चिकट थर फेस मोडतो. हवेच्या नळीत मिठाची पुटे बसतात; आठवड्याला पेलाभर कोमट आरओ पाणी तिच्यातून ओढू द्या. तीन महिन्यांनी पंप व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन तासभर भिजवा.

फेस फार ओला ठेवला आणि रोज 300 मिली खारे पाणी कपात गेले, तर महिन्याला नऊ लिटर झाले. त्याची भरपाई आपोआप गोड्या पाण्याने होत असेल, तर 300 लिटरच्या टाकीतल्या पाण्याचा खारेपणा महिन्यात दर हजारी 35 वरून 34 वर येतो. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने आठवड्याला एकदा तपासा, आणि कपात गेले तेवढे पाणी खारेच घाला.

— खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची जोडणी करणारे काही जण, पुणे