पाटी लावायचीच तर नाव गावाचे आणि तोंड उगवतीला

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खानदेशातील तलावकाठच्या निरीक्षण-जागांची दिशा आणि नावे

महोदय,
स.न.वि.वि.

तलावकाठ सुशोभीकरणाचा कुठलाही आराखडा उघडा, त्यात पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणि सनसेट पॉइंट सापडतातच. पेव्हर ब्लॉकबद्दल बोलून उपयोग नाही, ते येणारच. सनसेट पॉइंटबद्दल मात्र बोलायला हवे. भाद्रपद-आश्विनात आमच्या आभाळात जे बघण्यासारखे असते ते मावळतीला नसते, उगवतीला असते. मावळतीकडे तोंड करून बाक टाकले की माणसे इंद्रधनुष्याकडे पाठ करून बसतात.

आषाढ-श्रावणात झड लागली की दिवसदिवस ऊन दिसत नाही. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पावसाची तऱ्हा बदलते. दुपारी ढग चढतात, तासाभराची सर येते आणि उघडीप पडते. मावळतीला ऊन आणि उगवतीला पाऊस, एवढे जमले की इंद्रधनुष्याची कमान उमटते. ती नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असते आणि तिचा कोन ठरलेला असतो, ४२ अंश. हा कोन तुमच्याच डोक्याच्या सावलीपासून मोजायचा. हात ताठ धरून बोटे फाकवली की एक वीत म्हणजे साधारण २० ते २२ अंश. सावलीपासून दोन विती मोजल्या की कमानीची तांबडी कड सापडते. बाहेर ५१ अंशांवर फिकट दुसरी कमान असते. तिचे रंग उलटे, म्हणजे तांबडा आत. दोन्हींमधला आभाळाचा पट्टा काळसर दिसतो.

यातून वेळही निघते. सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाटीवरून कमान दिसतच नाही, ती क्षितिजाखाली जाते. २२ सप्टेंबरच्या आसपास जळगाव-भुसावळ पट्ट्यात दुपारी सव्वातीननंतर सूर्य या रेषेखाली येतो. ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेतीनलाच येतो, जूनमध्ये चार वाजतात. घड्याळ नसले तरी चालते : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब झाली की वेळ झाली. सप्टेंबरच्या त्याच दिवसांत पाच वाजता कमानीचा माथा क्षितिजापासून वीतभर वर असतो, सूर्य टेकताना दोन विती. सकाळची कमान पश्चिमेला, आणि सव्वानऊपर्यंतच.

आता भुसावळजवळचे, तापीवरचे आमचे हतनूर धरण घ्या. तापी पश्चिमवाहिनी. त्यामुळे ४१ दरवाजांची भिंत पाण्याच्या पश्चिम टोकाला आणि पाणफुगवटा तिच्या पूर्वेला, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पसरलेला. पश्चिम काठावर उभे राहिले की सूर्य पाठीशी, पाणी समोर आणि कमान पाण्यावर. परतीच्या पावसात धरण भरत आलेले असते, म्हणून पाणीही रुंद. भिंतीवर लोकांना सोडता येत नाही हे आम्हाला मान्य आहे. भिंतीपासून अंतर राखून, पण त्याच बाजूला, उंचवट्याची जागा निवडता येते.

उलट बाजूचाही एक उपयोग आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्व काठावर पाणी पाठीशी असते. वारा पडलेला असेल आणि पाणी आरशासारखे असेल तर सूर्याचे प्रतिबिंब दुसऱ्या सूर्यासारखे वागते आणि तिसरी कमान उमटते. ती मूळ कमानीच्या पायथ्याला जुळते आणि तिथून जास्त उभी वर चढते. पाण्यावर तरंग उठले की संपली. म्हणून एक जागा पश्चिमेला आणि एक पूर्वेला असावी, आणि प्रत्येक पाटीवर कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठे तोंड करायचे ते लिहावे.

राहिले नाव. 'रेनबो पॉइंट' कृपया नको. इंद्रधनुष्याला पॉइंट नसतो, आपण चार पावले सरकलो की तेही सरकते. पॉइंट असतो तो पाहणाऱ्याच्या पायाखालचा, आणि त्या जमिनीला बहुधा आधीच नाव असते. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकानाच आहे. कित्येक उताऱ्यांवर तो कोरा असतो, पण जिथे भरलेला आहे तिथे लवण, बरड, डोह, उतार असे शब्द भेटतात. लवण म्हणजे पाणी साचणारा खोलगट भाग, बरड म्हणजे मुरमाड, कमी कसाची जमीन. ज्याला हे शब्द कळतात तो पावसात लवणात गाडी घालणार नाही. 'व्ह्यू पॉइंट नं. २' वाचून हे कळायचे कसे? तोरणमाळचे नाव तोरणीच्या झुडपावरून आले की तोरणाई देवीवरून, यावर दोन मते आहेत. पण 'माळ' ऐकले की वर सपाटी आहे हे दोन्ही मतांना मान्य.

नावे गोळा करायचा हंगाम मे महिना. हतनूरची पूर्ण जलसंचय पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर. पाणी त्या पातळीला असताना जुने उतार, डोह, गाडवाटा सगळे पाण्याखाली असते. जाणकार माणूसही बोट पाण्याकडेच करतो आणि लिहून घेणारा कागदावर 'तलाव' लिहून मोकळा होतो. उन्हाळ्यात गाळपेर जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरता येणारी, उघडी पडते तेव्हा मासेमार, गुराखी आणि गाळपेर करणारे शेतकरी यांना वेगवेगळे सोबत न्यावे. एकाच जागेला तिघांची तीन नावे निघतात आणि तिन्ही खरी असतात. फक्त सरपंचांना विचारले तर रस्त्याकडची नावे मिळतात, पाण्याकडची नाहीत. बायकांना विचारायचे राहून जाते, आणि धुण्याच्या जागा, पाणवठे त्यांनाच माहीत असतात. प्रत्येक नावापुढे अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, सांगणाऱ्याची बोली आणि ध्वनिमुद्रण. अहिराणी, लेवा गणबोली, तडवी किंवा पावरी उच्चार 'शुद्ध' करून लिहू नये. या कामाला जळगावचे विद्यापीठ हाताशी आहे. त्याला बहिणाबाईंचे नाव आहे, तेव्हा बोलीचे काम परके वाटू नये.

सर्वांत मोठी मोडतोड लिप्यंतरात होते. नाव आधी रोमन लिपीत जाते, नकाशाच्या ॲपमध्ये बसते आणि तिथून देवनागरीत परत येते. ळ चा ल होतो, ण चा न. भुसावळचे भुसावल, अमळनेरचे अमलनेर हे आपण पचवले आहे. टाकळीचे 'टकली' झालेले पचवणे जरा कठीण. चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र.चा. आणि टाकळी प्र.दे. अशा दोन आहेत. 'प्र.' म्हणजे प्रगणे, जुना महसुली विभाग. पाटीवर जागा नाही म्हणून ते गाळले की पाहुणा हमखास दुसऱ्या टाकळीला पोचतो. म्हणून मूळ नोंद देवनागरीतच असावी आणि रोमन रूप तिच्यावरून करावे, उलटे नको.

आधीच रूढ असलेल्या नावांना आमचा हात लागू नये. मुक्ताईनगरला जुनी माणसे अजून एदलाबाद म्हणतात, दोन्ही चालते. पाटीवर मोठ्या अक्षरात अधिकृत नाव आणि खाली बोलीतले, इतके पुरे.

पाटीच्या बांधकामाबद्दल दोन शब्द. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दीड-दोन फूट खड्ड्यातला खांब दोन वर्षांत कलतो आणि बाण भलतीकडे दाखवतो. मुरूम लागेपर्यंत खोदावे. जागा २१४ मीटर पातळीच्या बरीच वर असावी. फ्लेक्स वैशाखातल्या वावटळीत टिकत नाही, काळ्या पाषाणावर कोरलेली अक्षरे टिकतात. दिशेचा बाण होकायंत्रावर तपासून मगच कोरावा.

आणि विजा. परतीचा पाऊस कडकडाटाचा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजावेत, त्याला तीनने भागले की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काठ सोडून पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली नाही. कमान बघायची असेल तर ही सूचना पाटीवर कमानीच्या माहितीच्या वर हवी. धरणाखालच्या पात्रात भोंगा वाजल्यावर उतरू नये, आणि ओल्या गाळावर पाय टाकू नये, तो मांडीपर्यंत रुततो.

धरण जलसंपदाचे, काठ महसूलचा, पाटी पर्यटनाची. तिन्ही खात्यांची एक बैठक एप्रिलअखेरपर्यंत घ्यावी, म्हणजे मे महिन्यात नावे नोंदवता येतील. सूर्याचे हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते. त्याआधी निदान दोन पाट्या उभ्या राहाव्यात, एक पश्चिम काठावर, एक पूर्व काठावर.

आपले,
हतनूरच्या पाणफुगवट्याकाठचे रहिवासी