संत्र्याची बोलणी जूनच्या आधी व्हावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि बांगलादेश दोघेही राष्ट्रकुलातले, त्यामुळे एकमेकांकडे पाठवलेल्या राजदूताला ते उच्चायुक्त म्हणतात. दिल्लीत असोत की ढाक्यात, नवे उच्चायुक्त रुजू झाले की दोन्ही देशांचे संबंध घट्ट व्हावेत, व्यापार वाढावा, अशी आशा बोलून दाखवतात. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, कारंजा (घाडगे) या पट्ट्यात ही बातमी लक्ष देऊन वाचली जाते, कारण नागपुरी संत्र्याचे देशाबाहेरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेशच आहे. या आशेला आम्ही संत्रा उत्पादक एक महिना जोडून देऊ इच्छितो. तो म्हणजे जून.

बांगलादेशाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो. फळांवरच्या करांचे मुख्य निर्णय तेव्हाच होतात. आपल्याकडे आंबिया बहाराच्या, म्हणजे नोव्हेंबरपासून तोडणीला येणाऱ्या फळाच्या, बागांचे सौदे ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. व्यापारी बाग पाहायला येतो तेव्हा तिकडचा कर त्याला ठाऊक असतो आणि तो वजा करूनच तो भाव बोलतो. आपली ओरड मात्र नोव्हेंबरात, तोडा सुरू झाल्यावर उठते. निवेदने निघतात, शिष्टमंडळे दिल्लीला जातात. तोवर इसार दिलेला असतो, भाव ठरलेला असतो. फेब्रुवारी ते मे हे चार महिने बोलणीचे आहेत आणि नेमके तेच दरवर्षी रिकामे जातात.

आकडे सर्वांना माहीत असले तरी ते क्रेटवर मांडून पाहावेत. २०१९ मध्ये बांगलादेशात संत्र्यावर किलोमागे २० टका (टका म्हणजे तिकडचे चलन, टक्के नव्हे) कर होता. २०२३ मध्ये तो ८८ टका झाला आणि पुढे १०१ टक्यांवर गेला. २० किलोच्या एका क्रेटवर तेव्हा ४०० टका पडत, १०१ च्या दराने २,०२० पडतात. २० टन माल भरलेल्या ट्रकवर ४ लाखांचे २० लाख २० हजार टका झाले. एक टका साधारण ७० पैशांचा धरला तर किलोला सत्तर रुपये नुसता कर. बागेत किलोला २५-३० रुपये मिळाले तरी आपण भाव बरा म्हणतो!

यात दुष्टावा शोधू नये. २०२२ मध्ये डॉलरची टंचाई आली तेव्हा बांगलादेशाने फळांना चैनीच्या यादीत टाकून २० टक्के नियामक शुल्क लावले. सफरचंद, द्राक्षेही त्यातून सुटली नाहीत. त्याखाली २५ टक्के सीमाशुल्क आणि १५ टक्के व्हॅट आधीपासून होताच. खरी मेख पुढे आहे. हा कर आपल्या बिलावरच्या किमतीवर नव्हे, तर त्यांच्या कस्टम्सने धरलेल्या किमान किमतीवर बसतो. त्यामुळे इकडे संत्रा दहा रुपयांनी उतरला तरी कर एका टक्यानेही उतरत नाही. सगळी घसरण शेतकऱ्याच्या अंगावर येते आणि बारीक फळ तर झाडावरच राहते.

तेव्हा ‘कर काढून टाका’ ही मागणी मोघम आहे. तिकडेही शेतकरी आहे, त्याने माल्टा (मोसंबीसारखे फळ) लावला आहे आणि तो मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. त्या काळात पूर्ण कर राहू द्यावा. डिसेंबर ते मार्च मात्र हंगामी सवलतीचा दर असावा, निदान तीन वर्षांसाठी जाहीर केलेला. तिकडच्या ग्राहकालाही याचा उपयोग आहे. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, २०२७ चा त्याहूनही आधी. म्हणजे मृग बहाराचा, पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा, संत्रा नेमका इफ्तारच्या दिवसांत तयार असतो. उच्चायुक्तांपुढे ही गोष्ट आवर्जून मांडावी.

सीमेवरचे दुखणे वेगळे आहे. वरूडहून नागपूर, रायपूर, खरगपूरमार्गे पेट्रापोल, म्हणजे पश्चिम बंगालमधले आपले सीमानाके, सुमारे १,३०० किलोमीटर. ट्रक तीन-चार दिवसांत पोहोचतो. पण तिकडच्या बँकेत डॉलर नसल्याने एलसी (पैशांची हमी देणारे बँकेचे पतपत्र) उघडायला उशीर झाला, की तो रांगेत उभा राहतो. पुढे बेनापोलला, त्यांच्या बाजूच्या नाक्यावर, माल उतरवून त्यांच्या गाडीत भरतात, म्हणजे क्रेट पुन्हा आपटतात. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ. सफरचंदासारखा तो तोडल्यावर पिकतही नाही, नुसता उतरत जातो. साध्या हवेत आठ-दहा दिवस हेच त्याचे आयुष्य, आणि त्यातले पाच रस्त्यात गेलेले. जुलै २०२३ पासून दोन्ही देशांत रुपयात व्यवहाराची सोय आहे. फळांच्या व्यापाऱ्यांपर्यंत ती पोहोचली तर एलसीची अडचण बरीच हलकी होईल. जुलै २०२० मध्ये आंध्रातली मिरची पार्सल रेल्वेने थेट बेनापोलला गेली होती. अमरावती-नरखेड मार्गावर वरूडला स्टेशन आहे, हंगामात आठवड्याला एक गाडी मागायला काय हरकत आहे?

आपल्या बाजूनेही कसर राहू नये. सकाळचे दव सुकण्याआधी तोडा केला तर ओल्या सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांनी डाग उमटतात. फळ ओढून तोडले की देठापाशी साल फाटते, तिथूनच हिरवी बुरशी शिरते आणि एक फळ शेजारच्या दहांना लावते. कात्रीने, अगदी आखूड देठ ठेवून कापावे, सावलीत पसरावे, मगच ग्रेडिंग (प्रतवारी) आणि वॅक्सिंग (मेणाचा पातळ थर देणे). ट्रकवर ताडपत्री घट्ट आवळली की आत उकाडा साचतो, फळाला घाम सुटतो. पुढून-मागून हवेला वाट ठेवली पाहिजे. मुक्काम लांबणार असेल तर ६-७ अंश तापमानाची गाडी लागते. त्याहून फार थंड केले तर साल करपते.

घाई करण्याचे आणखी एक कारण. साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) कराराखाली अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचा जवळजवळ सगळा माल २०११ पासून भारतात शुल्काविना येतो. अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची त्यांची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. त्यापुढच्या सवलतींसाठी दोन्ही देशांना नव्याने बसावे लागेल, आणि तिथे संत्रा नावानिशी सवलतींच्या यादीत असायला हवा. २०२५ मध्ये त्यांनी जमिनीवरून जाणारे आपले सूत रोखले, आपण त्यांचे तयार कपडे काही बंदरांपुरतेच ठेवले. सूत महिनाभर गोदामात थांबते, संत्रा थांबत नाही. म्हणून संबंध ताणले गेले तरी नाशवंत माल अडवायचा नाही, असे कलम त्या करारात लिहूनच घ्यावे.

दोन्ही उच्चायुक्तांनी तोड्याच्या दिवसांत एकदा वरूडला यावे. सकाळी नऊनंतर, दव उतरल्यावर. तो माल पेट्रापोलला पोहोचेल त्या दिवशी तिथेही जावे आणि तोच क्रेट उघडून पाहावा.

आपले,
संत्रा उत्पादक शेतकरी,
ता. वरूड, जि. अमरावती