पोरं अमेरिकेला पाठवता, मग अमेरिका शिकवा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

कॉलेज रोडला आमच्या घरापासून चौकापर्यंत चालत गेलं तरी परदेशी शिक्षणाच्या पाच पाट्या लागतात. जीआरई, व्हिसा, एज्युकेशन लोन सगळं मिळतं, पण ज्या देशात पोरं धाडायची तो देश आहे कसा हे सांगणारं कोणी भेटत नाही. हे डोक्यात यायचं कारण माझी पुतणी. ती तिकडे कॉम्प्युटर सायन्स करतेय आणि जोडीला तिने अमेरिकन स्टडीजचा मायनर, म्हणजे मुख्य विषयाबरोबरचा दुय्यम विषय, घेतलाय. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला, आई तर म्हणाली, "अगं नाशकात राहून कोणी नाशिक शिकतं का?" मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात ती आली तेव्हा नीट कळलं. साधारण पाच-सहा कोर्स असतात पण एका डिपार्टमेंटचे नाहीत, एखादा इतिहासाचा, एखादा साहित्याचा, कायद्याचा, संगीताचा, आणि फिरून फिरून प्रश्न एकच की अमेरिकन म्हणजे नक्की कोण. एका कोर्सला त्यांना नुसत्या जीन पँटवर निबंध होता. दुकानदार लेव्ही स्ट्रॉस हा जर्मनीहून आलेला ज्यू, खिशाला रिव्हेट ठोकायची आयडिया रिगाहून आलेल्या जेकब डेव्हिस या शिंप्याची, पेटंट १८७३ चं, आणि आज जगात त्याच्याइतका अमेरिकन कपडा दुसरा नाही. मला लगेच मेहुण्याची पिंपळगावची द्राक्षबाग आठवली. खुंट डॉगरिज, म्हणजे टेक्सासच्या जंगली वेलीचा, खारट जमिनीत तग धरतो म्हणून लावलेला, आणि वर कलम थॉमसनचं. थॉमसन तर मुळात पश्चिम आशियातली जात, कॅलिफोर्नियात जाऊन तिला तिथल्या माणसाचं नाव चिकटलं आणि तेच नाव घेऊन ती आपल्याकडे आली. मेहुणा मात्र छातीठोकपणे सांगणार, ही नाशिकची द्राक्षं. आणि ते काही चूक नाही.

खरी झोप उडवली ती तिच्या कायद्याच्या कोर्सने. भगतसिंग थिंद नावाचा शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं तर १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, मिळणार नाही. त्याच्या आधारावर ज्यांना आधी मिळालं होतं अशा काही भारतीयांचंही काढून घेतलं. १९४६ ला कायदा बदलला, तेव्हा भारतीयांचा कोटा किती, तर वर्षाला १००. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने आणि तो आला काळ्या लोकांच्या चळवळीच्या धामधुमीत, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ. म्हणजे आपल्या सोसायटीत पेढे वाटले जातात त्यामागे ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला ते लोक आहेत, आणि आपली काही मंडळी तिकडे जाऊन त्यांच्याच वस्तीबद्दल काय बोलतात ते मी लग्नकार्यात कानांनी ऐकलंय. लाज वाटते.

बरं, हे काही आपल्याला परकं नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती पण १८७३ चीच. बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुतणीला माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर, म्हणजे बसमधल्या भेदभावाविरुद्ध तिथल्या काळ्या लोकांनी केलेल्या आंदोलनावर पेपर लिहायचा होता, ते ३८१ दिवस चाललं, आणि तिला त्याच्या शेजारी काळारामचा दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह ठेवायचा होता म्हणून मला पंचवटीत घेऊन गेली. पूर्व दरवाजाशी उभी राहून विचारते, काका, इथे किती वर्षं चालला? पन्नास वर्षं मी नाशकात राहतोय, १९३० ला सुरू झाला एवढं माहीत होतं, पाच वर्षं चालला हे तिने सांगितलं.

आता माझ्या मुलाचं ऐका. नवीन शैक्षणिक धोरणात मायनर आपल्याकडेही आलाय. त्याच्या कॉलेजने (नाव देत नाही, सगळीकडे तेच आहे) व्हॉट्सॲपवर लिंक टाकली, संध्याकाळपर्यंत भरा. जिथे जागा उरली तो विषय पदरात, का घेतला हे त्यालाही माहीत नाही. त्याच कॉलेजात इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र एकाच मजल्यावर आहेत, चार सरांनी मिळून असा एक मायनर उभा करायला नवीन बिल्डिंग लागत नाही. आधी आपलं शिकवा असं कोणी म्हणेल, तर वर काळारामचं लिहिलंय तेच परत वाचावं. अमेरिकेचे गोडवे गायला नको, तिथली मारामारी पण शिकवा, चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची, जन्माने नागरिकत्व देणारी, गुलामीतून सुटलेल्यांसाठी केलेली, तिच्यावरून तिथे परत भांडण लागलंय आणि त्यात आपली नातवंडं येतात. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर नाशिकचे जे प्राध्यापक आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय निदान मांडावा, मुलांना निवडायला लिंकपेक्षा आठवडाभर वेळ द्यावा ही पण विनंती.

आपला,
एक पालक, कॉलेज रोड, नाशिक